प्रीरिक्विझिट पोटात घेणारा इन्स्टॉलर कसा बांधावा: इनो सेटअपने सुरुवात करणाऱ्यांसाठी

तुमच्या मशीनवर ॲप्लिकेशन चालतं, कारण तिथे व्हिज्युअल स्टुडिओ आहे. तो टाकताना डॉटनेट, सी प्लस प्लसची रनटाइम (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या तयार फाइली), लोकलडीबी (छोटा स्थानिक डेटाबेस) असं बरंच काही न सांगता येऊन बसलेलं असतं. ग्राहकाच्या काउंटरवरच्या संगणकावर यातलं काहीच नसू शकतं. तिथे आयकॉनवर डबल-क्लिक केलं की ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही’ अशी खिडकी उघडते आणि फोन तुम्हाला येतो.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालणार आहे. दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर, सी शार्पमध्ये, डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर. वजनकाट्याशी बोलणारी एक ६४-बिट डीएलएल सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली. डेटा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या लोकलडीबीत. म्हणजे प्रीरिक्विझिट, प्रोग्रॅमच्या आधी मशीनवर असावेच लागणारे घटक, तीन. इन्स्टॉलर बांधायचं साधन इनो सेटअप, कारण तो फुकट आहे, १९९७ पासून सुधारत आला आहे आणि एका माणसाला सांभाळता येतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. घटकाचा सेटअप चालवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे. तो घटक आधीच आहे का हे बरोबर ओळखणं आणि सेटअप संपल्यावर त्याने काय उत्तर दिलं ते वाचणं, इथे खरी मेहनत लागते. बहुतेक नवखे नेमकं हेच दोन टप्पे उरकून टाकतात.

हे आधी जवळ ठेवा

- इनो सेटअपची सहावी किंवा त्यापुढची आवृत्ती. पाचवीवरचे जुने धडे वाचत बसू नका.
- तिन्ही घटकांचे ऑफलाइन सेटअप, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेले.
- त्या प्रत्येकाची परवान्याची अट, मजकुराच्या फाइलमध्ये साठवलेली.
- कोऱ्या विंडोजची व्हर्च्युअल मशीन, चेकपॉइंट (हव्या तेव्हा परत जाता येईल अशी साठवलेली स्थिती) घेतलेली.
- कोड सायनिंगचं, म्हणजे इन्स्टॉलरवर डिजिटल सही करायचं, प्रमाणपत्र. नसेल तरी शिकता येतं, पण ग्राहकाकडे जाण्याआधी घ्या.

लेखात स्विच, रजिस्ट्रीच्या की आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

१. यादी काढा आणि मग कापा

आपल्या प्रोग्रॅमला काय लागतं हे आठवून लिहू नका, मोजून काढा. व्हिज्युअल स्टुडिओसोबत ‘डम्पबिन’ हे फाइलला कोणत्या डीएलएल लागतात ते दाखवणारं साधन येतं. ‘डिपेंडंट्स’ हा स्विच देऊन ते प्रत्येक नेटिव्ह डीएलएलवर चालवा. यादीत एमएसव्हीसीपी१४० आणि व्हीसीरनटाइम१४० दिसतील. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘डी’ दिसला, तर तुम्ही डीबग बिल्ड पाठवायला निघाला आहात. डीबग डीएलएल वाटायला परवाना नाही आणि रिडिस्ट्रिब्युटेबलमध्ये (रनटाइम बसवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेटअपमध्ये) त्या नसतातच. तिथेच थांबा आणि रिलीज बिल्ड करा.

यादी हाती आली की कात्री लावा. दर घटकामागे एकच प्रश्न: हा नसता तर चाललं असतं का? एका संगणकावर एकच माणूस बिलं करणार असेल, तर लोकलडीबीऐवजी एसक्यूलाइट पुरतं आणि ते एका डीएलएलच्या रूपात तुमच्याच फोल्डरमध्ये राहतं. नवीन प्रकल्प डॉटनेट ८ वर असेल, तर ‘सेल्फ-कंटेन्ड’ पब्लिश करा. आकार बराच वाढतो, पण रनटाइमची अट जाते. डॉटनेट ३.५ वर एखादी जुनी लायब्ररी अडकली असेल, तर ती बदलण्यावर वेळ घाला. विंडोज ८ पासून ३.५ हे विंडोजचं वैकल्पिक फीचर आहे. इंटरनेट नसलेल्या जागी ते चालू करायला विंडोजच्या डिस्कमधला फोल्डर लागतो, आणि ती डिस्क दुकानात कुणाकडेच नसते.

सी प्लस प्लसच्या डीएलएल नुसत्या आपल्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या तर? परवानगी आहे, चालतंही. पण त्या प्रतींना विंडोज अपडेटमधून सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत; पुढे ती जबाबदारी तुमच्या गळ्यात. मी पूर्ण रिडिस्ट्रिब्युटेबलच बांधतो.

२. फाइली मूळ जागेवरूनच घ्या आणि गोठवा

हरवलेली डीएलएल फुकट देणाऱ्या साइट्स शोधात वर येतात. तिथून एकही फाइल घेऊ नका. ती फाइल तुमच्या सहीच्या इन्स्टॉलरमधून ग्राहकाकडे ॲडमिनच्या हक्काने चालणार आहे, हे विसरू नका.

मायक्रोसॉफ्टकडून घेतलेल्या फाइलचीही सही तपासा. पॉवरशेलमध्ये ‘गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर’ ही आज्ञा सही वैध आहे की नाही ते सांगते. मग ‘गेट-फाइलहॅश’ने एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, काढा आणि आवृत्तीच्या आकड्यासोबत नोंदवून ठेवा.

इथे एक छुपा खड्डा आहे. सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबलचा कायमचा दुवा दरवेळी सगळ्यात नवी फाइल देतो. दुवा तोच, आतली फाइल वेगळी. इन्स्टॉलर चालताना त्या दुव्यावरून फाइल उतरवायची आणि हॅश जुळवून पाहायचा, अशी रचना केलीत तर मायक्रोसॉफ्टने नवी आवृत्ती टाकली त्या दिवशी तुमचे सगळे इन्स्टॉलर एकदम बंद पडतील. फाइल एकदा घ्या, बिल्डच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि बदलायची तेव्हा स्वतः ठरवून बदला.

३. पोटात घ्यायचं की इंटरनेटवरून आणायचं

इनो सेटअप ६.१ पासून डाउनलोडचं पान तयारच मिळतं, त्यामुळे मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: ग्राहक तालुक्याच्या गावी असेल, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, किंवा एखाद्या पतसंस्थेत बाहेरचं नेट बंद ठेवलं असेल, तर सगळं पोटातच घ्या. डॉटनेट ४.८ चा ऑफलाइन सेटअप शंभर-सव्वाशे एमबी, सी प्लस प्लसचा पंचवीसेक, लोकलडीबीचा पन्नास-साठ. एकूण दोनशे एमबीच्या आसपास. पेनड्राइव्हला हे काहीच नाही.

नावाला फसू नका. डॉटनेटचा ‘वेब इन्स्टॉलर’ जेमतेम दीड एमबीचा असतो, बाकी सगळं तो चालताना खेचतो. असला छोटा सेटअप पोटात घेऊन इन्स्टॉलर ऑफलाइन झाला असं समजणारे पुष्कळ भेटतात.

आकार कमी करायचा दुसरा रास्त मार्गही आहे. विंडोज १० ची १९०३ आवृत्ती आणि त्यापुढच्या सगळ्यांत डॉटनेट ४.८ किंवा त्याहून नवं आधीपासूनच असतं. जुन्या विंडोजला आधार द्यायचाच नसेल, तर ४.८ चा सेटअप काढून टाका आणि फक्त तपासणी ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. पण निर्णय तुमच्या ग्राहकांची यादी पाहून घ्या.

४. घटक आधीच आहे का, हे नीट ओळखा

‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’मधलं नाव शोधून ठरवू नका. नावं भाषेनुसार आणि आवृत्तीनुसार बदलतात. प्रत्येक घटकाची रजिस्ट्रीतली ठरलेली खूण आहे, तीच पाहा.

*डॉटनेट फ्रेमवर्क.* एचकेएलएमखाली (रजिस्ट्रीतला संपूर्ण संगणकाचा विभाग) सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ‘नेट फ्रेमवर्क सेटअप’, एनडीपी, व्ही४, फुल अशा वाटेने जा. तिथे ‘रिलीज’ नावाचा आकडा असतो. ४.८ साठी तो ५२८०४० किंवा त्याहून मोठा हवा, ४.७.२ साठी ४६१८०८. तुलना ‘इतका किंवा जास्त’ अशीच करा. एकाच ४.८ ला काही विंडोजवर ५२८०४० आणि काहींवर ५२८०४९ असा आकडा असतो आणि ४.८.१ चा तर ५३३३२० पासून पुढे जातो. ‘बरोबर इतकाच’ अशी अट घातली, तर नव्या संगणकावर तुमचा इन्स्टॉलर विनाकारण अडून बसेल.

*सी प्लस प्लस रनटाइम.* मायक्रोसॉफ्टखाली व्हिज्युअलस्टुडिओ, १४.०, व्हीसी, रनटाइम्स, एक्स६४. तिथे ‘इन्स्टॉल्ड’ला १ असेल तर रनटाइम आहे. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ या चारही व्हिज्युअल स्टुडिओंची रनटाइम एकच आहे, म्हणून की एकच, १४.० ची.

पण नुसत्या ‘इन्स्टॉल्ड’वर विसंबू नका. नियम असा की ग्राहकाकडची रनटाइम तुमच्या कंपायलरच्या टूलसेटइतकी किंवा त्याहून नवी हवी. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.१० मध्ये म्युटेक्सचा (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाचा) कन्स्ट्रक्टर बदलला. त्या टूलसेटने बांधलेला प्रोग्रॅम जुन्या एमएसव्हीसीपी१४० वर गेला, की म्युटेक्स लॉक करताना कोसळतो. डीएलएल हजर, इन्स्टॉल्ड १, आणि तरी प्रोग्रॅम पडतो. कारण शोधताना माणूस वेडा होतो. म्हणून त्याच कीमधले मेजर, मायनर आणि बीएलडी (बिल्ड) हे आकडे वाचा. ‘व्हर्जन’ ही मजकुराची किंमत वापरायचा मोह टाळा: तिच्या सुरुवातीला ‘व्ही’ हे अक्षर असतं, आणि मजकूर म्हणून तुलना केली तर १४.९ हे १४.३८ पेक्षा मोठं ठरतं.

*लोकलडीबी.* मायक्रोसॉफ्टखाली ‘मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर लोकल डीबी’, त्यात ‘इन्स्टॉल्ड व्हर्जन्स’. २०१९ साठी १५.० आणि २०२२ साठी १६.० अशी उपकी असते.

तिन्हींना लागू असलेली सूचना: ३२-बिट प्रोसेसला ६४-बिट विंडोजवर रजिस्ट्रीचा वेगळा भाग दिसतो, ‘वाव६४३२नोड’चा. इनोमध्ये एचकेएलएम६४ आणि एचकेएलएम३२ असं स्पष्ट लिहून वाचा. सी प्लस प्लसची खूण तर दोन्हीकडे शोधा.

५. चालवायचं कुठे: ‘रन’ विभागात नको

इनोच्या स्क्रिप्टमध्ये ‘रन’ नावाचा विभाग आहे. घटकांचे सेटअप तिथे लिहून टाकणं सोपं वाटतं आणि जुनी उदाहरणंही तेच शिकवतात. अडचण अशी की तो विभाग तुमच्या फाइली कॉपी झाल्यावर चालतो, आणि चाललेल्या सेटअपने अपयशाचा कोड दिला तरी त्याकडे बघत नाही. डॉटनेट बसलं नाही, तरी शेवटच्या पानावर ‘यशस्वी’ लिहिलेलं येतं.

त्याऐवजी कोड विभागात ‘प्रिपेअर-टू-इन्स्टॉल’ हे फंक्शन लिहा. ग्राहकाने ‘इन्स्टॉल’ दाबल्यावर, पण तुमची एकही फाइल कॉपी होण्याआधी, इनो ते बोलावतो. त्यातून रिकामा मजकूर परत दिला तर काम पुढे जातं. काही मजकूर दिला तर इन्स्टॉलेशन तिथेच थांबतं आणि तो मजकूर पडद्यावर दिसतो. तो मराठीत लिहा: ‘डॉटनेट ४.८ बसवता आलं नाही, कोड अमुक. कृपया या क्रमांकावर फोन करा.’ काउंटरवरच्या माणसाला हे वाचून काय करायचं ते कळतं. स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीचा चुराडा होईल.

आतला क्रम असा ठेवा: घटक आहे का पाहा, नसेल तर ‘एक्स्ट्रॅक्ट-टेम्पररी-फाइल’ने त्याचा सेटअप तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढा, ‘एक्झेक’ने चालवा आणि संपेपर्यंत थांबा, परत आलेला कोड वाचा, आणि शेवटी पुन्हा एकदा चौथ्या पायरीची तपासणी करा. ही शेवटची फेरतपासणी सोडू नका. कोड शून्य आला आणि घटक मात्र नाही, असंही घडतं.

फाइल्स विभागात या सेटअपांना ‘डोंटकॉपी’ हा फ्लॅग द्या आणि त्यांच्या ओळी अगदी वर लिहा. ‘सॉलिड कॉम्प्रेशन’ (सगळ्या फाइली एकत्र दाबणं) चालू असेल, तर खालची फाइल काढण्यासाठी वरचं सगळं आधी उलगडावं लागतं आणि तेवढा वेळ पडदा गोठल्यासारखा दिसतो. लोक तेव्हाच टास्क मॅनेजर उघडून सेटअप मारतात.

स्विच घटकागणिक वेगळे आहेत:

- डॉटनेट ४.८: ‘क्यू’ आणि ‘नोरिस्टार्ट’.
- सी प्लस प्लस: ‘इन्स्टॉल’, ‘क्वाएट’, ‘नोरिस्टार्ट’.
- लोकलडीबी: ही एमएसआय, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरची, फाइल आहे, म्हणून ‘एमएसआयएक्झेक’ला ‘आय’ आणि ‘क्यूएन’ देऊन चालवा. सोबत ‘आय-ॲक्सेप्ट-एसक्यूएल-लोकलडीबी-लायसन्स-टर्म्स’ हा शब्द अक्षरांमध्ये जागा किंवा रेघ न सोडता, मोठ्या अक्षरांत, पुढे बरोबरचं चिन्ह आणि ‘यस’ असं लिहून द्यावा लागतो. तो विसरला तर मूक इन्स्टॉलेशन होत नाही.

‘नोरिस्टार्ट’ सगळीकडे हवंच. तुमचं काम अर्धवट असताना एखाद्या घटकाने संगणक रिस्टार्ट केला, तर निस्तरणं फार जड जातं.

६. परत आलेला कोड वाचा

- ० म्हणजे झालं.
- ३०१० म्हणजे झालं, पण रिस्टार्ट लागेल. याला अपयश समजणारे इन्स्टॉलर मी बरेच पाहिले आहेत.
- १६४१ म्हणजे झालं आणि रिस्टार्ट सुरूही केला.
- १६०२ म्हणजे वापरणाऱ्याने रद्द केलं.
- १६०३ म्हणजे गंभीर अपयश. हा कोड स्वतः काहीच सांगत नाही, लॉग वाचावाच लागतो.
- १६१८ म्हणजे दुसरं एखादं इन्स्टॉलेशन चालू आहे.
- १६३८ म्हणजे याच उत्पादनाची दुसरी आवृत्ती आधीपासून आहे. सी प्लस प्लसच्या बाबतीत बहुधा नवीच असते. फेरतपासणीत आकडे जुळले तर यश धरा.
- ५१०० हा डॉटनेटचा: या विंडोजवर ही आवृत्ती बसत नाही.

१६१८ नीट समजून घ्या. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकाच एमएसआयला संगणकात बदल करू देतो. मागे विंडोज अपडेटचं काम चालू असेल, तर तुमच्या लोकलडीबीला नकार मिळतो. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, दोन-चार वेळा, आणि मगच संदेश दाखवा.

याच कुलपामुळे एका एमएसआयच्या पोटातून दुसरी एमएसआय चालवता येत नाही. इनोचा सेटअप एमएसआय नसल्यामुळे आपण सुटतो. पण मोठ्या कंपनीच्या आयटी विभागाने ‘आम्हाला एमएसआयच हवी’ म्हटलं, तर विक्स टूलसेट (एमएसआय बांधायचं साधन) आणि त्यातला ‘बर्न’ शिकावा लागेल. त्यात घटक आणि तुमची एमएसआय एका साखळीत क्रमाने चालवता येतात. तिथे डॉटनेट आणि सी प्लस प्लसच्या पॅकेजांना ‘पर्मनंट’ची खूण करायला विसरू नका, ग्राहकाने तुमचं सॉफ्टवेअर काढलं म्हणून इतरांची रनटाइम जाता कामा नये. इनोमध्येही तेच: अनइन्स्टॉल करताना सामाईक घटकांना हात लावू नका.

७. ॲडमिन कोण आणि वापरणारा कोण

घटक बसवायला ॲडमिनचे हक्क लागतात, म्हणून ‘प्रिव्हिलेजेस-रिक्वायर्ड’ला ‘ॲडमिन’ द्या. मग परवानगी सुरुवातीला एकदाच मागितली जाते.

आता हा प्रसंग पाहा. काउंटरवर सुनीता नावाचं साधं खातं आहे. परवानगीच्या खिडकीत मालक स्वतःचा पासवर्ड टाकतात. त्या क्षणापासून तुमचा इन्स्टॉलर मालकांच्या खात्यात चालतो आहे. एचकेसीयूमध्ये (चालू वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत) लिहिलेली सेटिंग्ज मालकांच्या नावावर जातात. लोकलडीबीचा इन्स्टन्स प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो, त्यामुळे इन्स्टॉलरमधून डेटाबेस तयार केलात तर तो मालकांच्या इन्स्टन्सला जोडला जातो. सुनीताने प्रोग्रॅम उघडला की ‘डेटाबेस सापडत नाही’. उपाय सरळ आहे: इन्स्टॉलरने फक्त लोकलडीबी बसवावं, डेटाबेस ॲप्लिकेशनने पहिल्यांदा उघडताना, त्या वापरकर्त्याच्या खात्यात तयार करावा.

आणि खात्याचं नाव देवनागरीत असेल तर? विंडोजवर स्थानिक खातं ‘सुनीता’ या नावाने उघडलं की यूझर्सखालचा फोल्डरही देवनागरीत तयार होतो आणि तात्पुरता फोल्डर त्याच्याच आत. विंडोजमध्ये मराठीला जुनी एएनएसआय कोडपेज (युनिकोडच्या आधीचा अक्षरांचा तक्ता) नाहीच, मराठी फक्त युनिकोडमधून चालते. त्यामुळे जुन्या पद्धतीने लिहिलेल्या सेटअपला तो पाथ प्रश्नचिन्हांचा दिसतो आणि तो ‘फाइल सापडली नाही’ म्हणून मरतो. इनोची सहावी आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे घटक इथे नीट चालतात. अडतात ते वजनकाट्याचे किंवा बारकोड प्रिंटरचे जुने ड्रायव्हर सेटअप. त्यांना प्रोग्रॅम फाइल्समधल्या तुमच्या फोल्डरमध्ये कॉपी करून तिथून चालवा आणि नंतर पुसा. सगळ्यांना लिहिता येईल असा फोल्डर यासाठी वापरू नका. तिथे कुणीही फाइल बदलून ठेवू शकतो आणि ती ॲडमिन म्हणून चालेल.

८. रिस्टार्ट

३०१० आला की लगेच रिस्टार्ट करायची बहुधा गरज नसते. एक खूण ठेवा, बाकीचं काम पूर्ण करा आणि ‘नीड-रिस्टार्ट’ या फंक्शनमधून ‘हो’ परत द्या. शेवटच्या पानावर इनो स्वतः विचारतो. पुढचा घटक रिस्टार्टशिवाय बसतच नसेल, तर मात्र ‘प्रिपेअर-टू-इन्स्टॉल’मधूनच थांबावं लागतं आणि ‘रनवन्स’ कीमध्ये (पुढच्या लॉगिनला एकदाच चालणाऱ्या यादीत) नोंद करून पुन्हा सुरू व्हावं लागतं. यासाठी शून्यातून लिहायची गरज नाही. इनोच्या एक्झांपल्स फोल्डरमध्ये ‘कोड-प्रिपेअर-टू-इन्स्टॉल’ ही फाइल आहे, ती ओळ न ओळ वाचा.

९. चाचणी

स्वतःच्या मशीनवरची चाचणी धरू नका. विंडोज सँडबॉक्स रोजच्या झटपट तपासणीला उत्तम, पण तो होम आवृत्तीत मिळत नाही. रिस्टार्टची चाचणी व्हर्च्युअल मशीनवरच करा. निदान हे प्रसंग तपासा:

- कोरं विंडोज, नेटवर्क कार्ड बंद.
- सी प्लस प्लसची तुमच्यापेक्षा नवी आवृत्ती असलेलं मशीन आणि जुनी असलेलं मशीन.
- साधं खातं, परवानगी दुसऱ्या ॲडमिनची.
- देवनागरी नावाचं खातं.
- मूक इन्स्टॉलेशन, ‘व्हेरीसायलेंट’ स्विचने. कोडमध्ये साधी ‘एमएसजीबॉक्स’ असेल, तर न दिसणाऱ्या सेटअपमध्येही खिडकी उघडून काम थांबतं; तिथे ‘सप्रेसिबल-एमएसजीबॉक्स’ वापरा आणि सोबत ‘सप्रेस-एमएसजीबॉक्सेस’ हा स्विच द्या.
- अर्ध्यावर रद्द करून पुन्हा चालवणं.

१०. सही आणि लॉग

तयार सेटअपवर सही करताना टाइमस्टॅम्प (सही कधी केली त्याची नोंद) घाला, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुने इन्स्टॉलर अवैध दिसू लागतात. जून २०२३ पासून सही करायची खाजगी की हार्डवेअरमध्ये ठेवणं बंधनकारक आहे. त्यामुळे बहुधा यूएसबी टोकन घरी येईल, त्याचा पासवर्ड सांभाळा.

स्क्रिप्टमध्ये ‘सेटअप-लॉगिंग’ला ‘यस’ द्या आणि चौथ्या व सहाव्या पायरीतला प्रत्येक आकडा ‘लॉग’ फंक्शनने लिहा: कोणती की पाहिली, काय सापडलं, कोणता कोड आला. इनोचा लॉग तात्पुरत्या फोल्डरमध्ये ‘सेटअप लॉग’ या नावाने तारखेसह सापडतो. सी प्लस प्लसचा त्याच फोल्डरमध्ये ‘डीडी_व्हीसीरिडिस्ट’ने सुरू होतो. लोकलडीबीचा लॉग आपोआप मिळत नाही, एमएसआयएक्झेकला ‘एल-तारा-व्ही’ आणि फाइलचा पाथ द्यावा लागतो. अपयशाच्या संदेशातच या तिन्ही फाइली कुठे आहेत ते छापा. मग ग्राहकाला फोनवर फोल्डर शोधायला लावावं लागत नाही, फाइली व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलं की पुरतं.